झेंडेवाली आत्या

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या पांढुर्ण्यात सगळ्यांच्या बोटांना एकच वास येतो. पोस्टातला बाबू तिकीट फाडून देतो, त्याच्या बोटांना येतो. डॉक्टर जीभ बघायला हनुवटी धरतात, त्यांच्याही बोटांना येतो. परवा सौंसरहून येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईनं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि सालं पदराच्या गाठीत बांधली. खिडकीतून फेकली नाहीत. मी लगेच विचारलं, "घरी कशाला नेता?" ती म्हणाली, "वाळवून राह्यली बाई, तोंडाले लावाले." एवढं ऐकूनही मी थांबले नाही. कधी वाळवता, कशात कुटता, फरक पडतो का, सगळं विचारून घेतलं. पांढुर्णा येईपर्यंत बाई बिचारी थकली असेल.

ही माझी जुनी खोड आहे. आई म्हणायची, "हे पोट्टी पाहुण्याले पाण्याच्या आधी प्रश्न देते." बाबा सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून होते, त्यांना दिवसभर लोक प्रश्नच विचारत असत, त्यामुळे संध्याकाळी ते माझ्यापासून दूर बसत. पण एक माणूस मला असं भेटलं होतं जे माझ्या प्रश्नांना कंटाळलं नाही, उलट जरा फुलायचं. सगुणा आत्या. बाबांची थोरली बहीण.

ऐंशीच्या दशकातली ती थंडी. मी पाचवीत होते. आईचं बाळंतपण अवघड जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून तिला नागपूरला मामाकडे नेलं आणि मला आत्याच्या गावी ठेवलं. रामाकोन्यापासून कोसभर आत ते गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे गावाची थोडी फजिती आहे आणि तिथं अजून माझे नातेवाईक राहतात. दिवाळीनंतर गेले ती होळीच्या तोंडावर परत आले. आंबिया बहाराचा, म्हणजे थंडीत तोडणीला येणारा, सगळा माल मी डोळ्यांसमोर उतरताना पाहिला, तो तेवढ्याच एका वर्षी.

आत्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की बगीच्याच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचा माणूस हातातली शिडी सांभाळायचा. ती संत्र्याच्या मालावर देखरेखीला बसायची. गडी झाडावरून झोळ्या भरून आणत, बाया सावलीत ढीग करून मोठा, मध्यम, बारका असा माल निवडत, आणि पेटीत खाली तणस अंथरून थर लावत. मीही शाळा सुटली की तिथंच. पहिल्याच दिवशी मी एक संत्रं ढिगावर टाकलं तर आत्या खेकसली, "टाकू नको! ठेव! अंडं हाय असं समजून ठेव!"

माणसांची तिला भारी हौस. कुणाचं लग्न, बारसं, पंचायतीतलं भांडण, बुद्धविहारातली वंदना, आत्या सगळीकडे पुढच्या रांगेत. बस बंद पडली तरी बघायला जाणारी बाई. म्हणून तर मला तिच्याबद्दल उत्सुकता वाटायची, कारण तिच्यात काही गोष्टी अशा होत्या की त्या बाकीच्या सगुणा आत्याशी जुळतच नव्हत्या.

एक म्हणजे तिच्या घरात चमचे होते. जेवायला आम्ही हातानंच जेवायचो, पण ताट वाढलं की ती उजव्या बाजूला चमचा ठेवायचीच. पिठलं-भाकरीच्या ताटालासुद्धा. दुसरं, बसच्या कंडक्टरनं तिकीट दिलं की ती "थँक्यू" म्हणायची, आणि कंडक्टर दचकायचा. तिसरं, तिचे केस. इतर आत्या-मावश्यांचे अंबाडे असत, हिनं मात्र केस कधी खांद्याखाली जाऊ दिले नाहीत. वाढले की स्वतःच कात्रीनं सारखे करून टाकायची. आणि चौथं सगळ्यात मोठं कोडं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमायचं, बुंदीचा लाडू मिळायचा, आणि बस बघायला जाणारी माझी आत्या घरात दार लोटून बसायची. हे मला शेजारच्या बायांकडून कळलं होतं.

पहिल्या तिन्हींचं उत्तर तिनं सहज दिलं. मी विचारलं, तिनं सांगितलं.

गावाबाहेर, आता जिथं सिंचन खात्याचं गोदाम आहे, तिथं इंग्रजांच्या काळात जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. आजोबा तिथं चौकीदार. आत्या सात-आठ वर्षांची असताना मडमेनं तिला कामाला ठेवून घेतलं. टेबल पुसायचं, काटे-चमचे मांडायचे, मडमेच्या बाळाचा पाळणा हलवायचा. "मडमीले माहं नाव येऊन नाही राह्यलं, तं तिनं मले सूझी करून टाकलं," आत्या सांगायची आणि खो खो हसायची. "आता सांग, मी तुले सूझी दिसते का?"

मी तिच्याकडे बघायचे. काळीसावळी, कपाळावर गोंदण, तोंडात सुपारी. अजिबात दिसत नव्हती.

उवा झाल्या म्हणून मडमेनं तिचे केस मानेपर्यंत कापले. आत्या घरी आली तर माझी आजी रडायला बसली, जसं काही पोरगी विधवाच झाली. वस्तीतली पोरं "साहेबीण आली, साहेबीण आली" म्हणत मागे लागली. मडमेनं दिलेला फ्रॉक घातला तर बाया हसत, लुगडं नेसून बंगल्यावर गेली तर मडम नाक मुरडे. पावाच्या कडा तिला मिळायच्या, त्या ती भावासाठी, म्हणजे माझ्या बाबांसाठी, ओच्यात लपवून आणायची. बाबा तेव्हा रांगत होते. "तुह्या बापाचे दात पावावर आले," ती मला म्हणायची.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. बंगल्यात ती साहेबाच्या पाण्याच्या सुरईला हात लावू शकायची. साहेबाच्या ताटाला, साहेबाच्या बाळाला. आणि गावात आली की विहिरीच्या कट्ट्यापासून लांब उभं राहायचं, कुणी बाई दया येऊन वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत. एकाच दिवसात दोन्ही. मी विचारलं, "मग तुला बंगल्यात बरं वाटायचं की गावात?"

आत्यानं संत्रं उलटंपालटं करून पाहिलं. "बंगल्यात बसाची परवानगी नव्हती, अन् गावात उभं राहाची नव्हती," ती म्हणाली. "मी चालतच राहो."

चौथ्या कोड्याचं उत्तर मात्र तिनं दिलं नाही. ते मला शाळेतून मिळालं.

आमची शाळा हिंदी. घरी वऱ्हाडी, शाळेत "उपस्थित श्रीमान". सव्वीस जानेवारीसाठी सरांनी मला भाषण दिलं होतं, आजादीवर, आणि मी ते बगीच्यात पेट्यांपुढे उभी राहून इतक्या वेळा म्हटलं की गड्यांनाही पाठ झालं. मला एकच हवं होतं, आत्यानं समोर बसून ते ऐकावं. आई नागपूरला, बाबांना कचेरीतला कार्यक्रम. माझं म्हणून कुणीतरी नको का? मी आत्याच्या मागेच लागले. ती म्हणे, "मी इथूनच ऐकतो ना बाप्पा, तुहा आवाज काय कमी हाय?"

मी रुसले. वर्गात तसं बोलले. तर माझ्या बाकावरची पोरगी पटकन म्हणाली, "ते कशी येईन? ते तं झेंडेवाली हाय. तिनं आजादीचा झेंडा उतरवला होता. माह्या आज्यानं पाह्यलं."

तिचा आजा म्हणजे मुरलीधरजी. शाळेसमोर त्यांचं किराण्याचं दुकान. खादीची टोपी, पांढरी मिशी, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. दर झेंडावंदनाला पहिली खुर्ची त्यांची. मला ते आवडायचे, कारण पोरांना गुळाचा खडा देत. मी त्या दिवशी धावत बगीच्यात गेले आणि धापा टाकत सगळ्या बायांसमोरच विचारलं, "आत्या, तू झेंडा उतरवला होता का?"

बायांचे हात थांबले. आत्याचे थांबले नाहीत. तिनं हातातलं संत्रं मोठ्या मालात ठेवलं, दुसरं घेतलं.

"उतरवला," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. सावकाश, मान वर न करता, आणि तिचा तो शिडी हलवणारा आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे.

साहेब मुक्कामाला असला की बंगल्यापुढच्या खांबावर त्याचा झेंडा लागायचा. सकाळी चढवायचा, सूर्य बुडायच्या आत उतरवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, घडी करायची, शिसवी पेटीत ठेवायचा. हे आजोबांचं काम. त्या पावसाळ्यात आजोबांना हिवताप झाला, आणि काम आत्याच्या अंगावर आलं. तेव्हा ती माझ्याएवढी. साहेबानं एकदा तिला झेंड्याचं टोक चिखलात टेकलं म्हणून छडी मारली होती. त्यानंतर टेकला नाही. घडी अशी शिकली की साहेब मडमेला बोलावून दाखवायचा.

एक दिवस साहेब दौऱ्यावर गेला. दुपारी गावातली पोरं घोषणा देत आली, त्यांत मुरलीधरजी होते, मिसरूड फुटलेले. खांब रिकामा होता. त्यांनी त्यावर तिरंगा चढवला, जयजयकार केला आणि पुढच्या गावाला निघून गेली. आत्यानं हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. तिला फार भारी वाटलं, असं ती म्हणाली. एवढी माणसं, एवढा आवाज! ती संध्याकाळपर्यंत येऊन येऊन त्या झेंड्याकडे बघत होती.

"अन् मंग दिवस बुडाले आला," आत्या म्हणाली. "खांबावर झेंडा हाय अन् दिवस बुडून राह्यला. मले काय माहीत? मले एवढंच माहीत, झेंड्याले अंधार लागू द्याचा नाई. मी उतरवला."

टेकू न देता उतरवला, घडी केली, पेटीत ठेवला. सकाळी परत चढवायचा म्हणून.

पोरं रात्री परतली तर खांब रिकामा. कुणीतरी सांगितलं, चौकीदाराच्या पोरीनं उतरवला. गोऱ्याची चाकर ती, अजून काय करणार! सकाळी साहेब आला, पेटी उघडली, आणि त्यात तिरंगा. मग तर विचारूच नका. तापानं फणफणलेल्या माझ्या आजोबांना उठवून त्यांच्या हातानं तो झेंडा चुलीत घालायला लावला, आणि दुपारच्या आत सगळ्यांना बंगल्याबाहेर काढलं. साहेब म्हणाला, ही चळवळवाल्यांची. गाव म्हणालं, ही साहेबाची. गावात कुणी कामाला ठेवेना. दोन वर्षं त्यांनी जंगलातल्या डिंकावर काढली. पुढं देश स्वतंत्र झाला, पुढं आमच्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, बाबा शिकले, नोकरीला लागले. सगळं बदललं. झेंडेवाली हे नाव तेवढं राहिलं.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कोनाले? कोनं विचारलं?" आत्या म्हणाली. "विचारणारी तूच पैली."

मी त्यावरही थांबले नाही, अर्थातच. "पण तू कोणाकडची होतीस? साहेबाकडची की त्यांच्याकडची?"

तिनं माझ्या हातात सोललेलं संत्रं दिलं. "खाय," म्हणाली. "तुहं तोंड बंद राहीन."

इतकी वर्षं झाली, तो प्रश्न मी अजून वेगवेगळ्या प्रकारे स्वतःला विचारते. दहा वर्षांच्या पोरीला बाजू असते का? मोठ्या माणसांना वाटतं असावी. त्यांचं त्यावाचून अडतं. पण मी स्वतः त्या वयाची होते तेव्हा माझी बाजू कुठली होती? माझ्यापुढे माझं भाषण होतं, आईचं बाळ कधी येणार ही काळजी होती आणि दुपारच्या डब्यात काय आहे हा विचार होता. आत्यापुढे तिचं काम होतं. तिला ते नीट जमत होतं, आणि जगात तिला शाबासकी मिळण्याजोगी तीच एक गोष्ट होती. मला तिचा राग येत नाही, तिला शिक्षा करणाऱ्यांचा येतो. दोन्हीकडच्यांचा येतो, आजही.

सव्वीस जानेवारीला आत्या आली नाही. मी भाषण केलं, एका जागी अडखळले, मुरलीधरजींनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली आणि मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. लाडूही घेतला नाही. हा माझा सत्याग्रह होता, पण कुणाच्या लक्षात आला नाही.

त्या दिवशी माल भरायचा होता, ट्रक उभा होता, म्हणून मी कार्यक्रमानंतर बगीच्यातच गेले. दिवस कलताना आत्या आणि मी घरी निघालो. वाट शाळेवरून जाते. शाळेला कुलूप. सर दुपारच्या बसनं आपल्या गावी गेलेले, चपराशी लोधीखेड्याच्या बाजाराला. आणि रिकाम्या पटांगणात, खांबावर, झेंडा तसाच.

आत्या थांबली. डोंगराच्या वर सूर्य हातभर उरला होता.

"जा, पाह्य कोनी हाय का," तिनं मला पिटाळलं. मी शाळेला चक्कर मारली, सरांच्या घरमालकाला हाक मारली, कुणी नव्हतं. समोर मुरलीधरजींच्या दुकानाच्या ओट्यावर पाच-सहा माणसं गप्पा मारत बसलेली. कुणाचंच वर लक्ष नव्हतं. परत आले तर आत्या तिथंच उभी, तोंड एवढंसं झालेलं.

"चल ना आत्या," मी म्हटलं. मला भीती वाटत होती. "उतरवतील सकाळी."

"सकाळी?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी भयंकर बोलले. मग तिनं पदर खोचला, चपला फाटकाशी काढल्या आणि खांबाकडे गेली.

ओट्यावरून एकजण ओरडला, "अबे पाह्य! झेंडेवाली पुन्हा!" दुसरा हसला. मुरलीधरजी उठून उभे राहिले. आत्यानं मागे वळून न बघता दोरीच्या गाठीला हात घातला. गाठ सुटली आणि झेंडा हळूहळू, अगदी सावकाश खाली यायला लागला. तिनं तो दोन्ही हातांवर झेलला. "धर," मला म्हणाली. मी दुसरं टोक धरलं, पण मी बुटकी, मधला भाग मातीकडे लोंबायला लागला. "वर! वर धर, टेकून राह्यला!" मी टाचा उंचावल्या, तरी पुरेना.

तोवर मुरलीधरजी पटांगणात आले होते, मागून ओट्यावरची माणसंही. माझ्या हातून कुणीतरी टोक घेतलं. पाहिलं तर तेच.

"उंच धरा, मुरलीधरजी," आत्या म्हणाली. "अन् ताणा जरा."

त्यांनी ताणलं. दोघांनी मिळून दुमडत दुमडत झेंडा एवढासा केला, आणि शेवटची घडी आत्यानं एकटीनं घातली, चारी कोपरे जुळवून. मुरलीधरजी त्या घडीकडे बघतच राहिले.

"त्या दिवशी..." ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी फाडला नव्हता?"

"फाडीन कायले? उतरवला. घडी केली. साहेबाच्या पेटीत ठेवला."

"साहेबाच्या झेंड्याखाली?"

"खाली काऊन?" आत्या चिडलीच. "वर ठेवला आपला!"

मुरलीधरजी खांबाच्या कट्ट्यावर बसले. "माह्या मायनं शिवला होता तो," एवढंच म्हणाले, आणि टोपी काढून तोंडावरून फिरवली. मग म्हणाले, "उद्या मी गावात सांगतो, सगुणाबाई. साऱ्याइले सांगतो."

"उद्या कायले?" आत्या म्हणाली. "सारी उमर गेली माही यात. हे उभे हायेत ना, याइलेच सांगा."

आणि ते उठले. माणसांकडे वळले, पण तुरुंगात जाऊन आलेल्या, दर वर्षी भाषण करणाऱ्या त्या माणसाला शब्द सापडेनात. "ऐका रे," ते म्हणाले, "इनं... या बाईनं झेंडा उतरवला नव्हता. म्हंजे, उतरवला होता. पन ठेवाले उतरवला होता. आमी विचारलं नाई." कुणी हसलं नाही. ओरडलेला माणूस मान खाली घालून पायानं माती उकरत होता.

झेंडा मुरलीधरजींच्या दुकानात, सकाळपर्यंत, फडताळात वरच्या खणात ठेवला गेला. आत्यानं खण आधी स्वतःच्या पदरानं पुसला.

घरी जाताना अंधारून आलं होतं. मी आत्याचा हात धरला होता आणि माझ्या पोटात प्रश्न मावत नव्हता. "म्हणजे तू आपल्याच बाजूची होतीस! म्हणूनच वर ठेवलास ना?"

"अवं, मागून ठेवलेलं वरच राह्यते, पोरी," ती म्हणाली. "त्यात काय?"

मी हिरमुसले. थोडं चाललो. मग मला आठवलं. "पण तू 'आपला' म्हणालीस. वर ठेवला आपला. आपला कसा? तो तर त्यांनी आणला होता."

आत्या वाटेतच थांबली.

"मी उतरवला, मी घडी घातली," ती म्हणाली. "मंग माहाच नाई का?"